वॉचमनमामांच्या कोंबडीची चोच तुटली आहे, कुणाला काही माहीत आहे का?

ए-१०४ वहिनी: कुणी जागं आहे का? गेट सरकवताना मामांच्या तांबड्या कोंबडीचं डोकं मध्ये आलं. वरची चोच अर्धी लोंबतेय, रक्त थांबेना.

सी-२०२: रविवार आहेच, रस्सा टाका 😄

ए-१०४ वहिनी: भाऊजी, मामी रडायला लागल्यात इथं. जरा दमानं घ्या.

बी-३०१ काकू: कॉर्नफ्लोअर आहे का घरात? स्वच्छ फडक्यावर घ्या आणि तुटल्या जागी हलक्या हातानं दाबून धरा. सारखं उचलून बघू नका. नाकपुड्या चोचीच्या बुडाशीच असतात, तिथं पीठ जाऊ देऊ नका. लोंबणारा तुकडा ओढू नका हां. वरून नखासारखं दिसतं, पण आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, फार दुखतं तिला.

बी-१०३: फेविक्विकनं चिकटवली तर?

बी-३०१ काकू: नको. गरम होतं ते आणि जखम आत कोंडली जाते. नुसती चीर असेल तर डॉक्टर दातांच्या सिमेंटसारखं काहीतरी लावतात, पण ते त्यांचं काम. रक्त थांबलं की अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात छोटा चमचाभर मीठ घालून त्यानं पुसून घ्या. मग खोक्यात, अंधारात, एकटी. बाकीच्या कोंबड्यांत मुळीच सोडू नका. रक्त दिसलं की त्या टोचून टोचून मारतात.

ए-३०२ अण्णा: पोल्ट्रीत तर चोच कापतातच की. त्या जगतात ना?

बी-३०१ काकू: अण्णा, ती लहान पिल्लांची, तेही टोकच, आणि तापल्या पात्यानं, म्हणून रक्त येत नाही. तिथंही पुढं दुखत राहतं काहींना. ही वाढलेली कोंबडी, गेटमध्ये चेमटलेली. एक नाही ते.

डी-१०१: आज पाणी येणार आहे का?

सचिव: संध्याकाळी. कृपया कोंबडीचा विषय चालू आहे तिथंच राहू द्या.

ए-१०४ वहिनी: रक्त थांबलं. मामा पिलाच्या बाटलीनं पाणी पाजायला बघतायत.

बी-३०१ काकू: थांबवा त्यांना!! तोंडात ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागं उघडंच असतं, पाणी सरळ फुफ्फुसात. खोलगट वाटी ठेवा, ती स्वतः बुडवून मान वर करेल. सोलापूरच्या उन्हात पाण्यावाचून ठेवायची नाही, सावलीला ठेवा. आणि माश्यांना जाळी लावा. ह्या दिवसात जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही.

ए-३०२ अण्णा: १९६२ ला फोन लावा, पशुसंवर्धनचा आहे. नाहीतर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात न्या. रिक्षाचं मी बघतो.

(दुसऱ्या दिवशी)

ए-१०४ वहिनी: काल डॉक्टरांनी लोंबता तुकडा काढला, दुखण्याचं औषध आणि अँटिबायोटिक दिलं. मूळ शाबूत आहे म्हणाले, आवरण येईल, पण महिने लागतील. हाडाचा गेलेला भाग येत नाही. पण ती खातच नाहीये. ज्वारी ठेवलीय, टक टक करते अन् दाणा तिथंच.

बी-३०१ काकू: अहो, चिमटाच मोडलाय तिचा, दाणा धरणार कशानं? चोच मोडून कमी, भुकेनं जास्त जातात ह्या. ज्वारी भरडा, गरम पाण्यात भिजवून शिऱ्यासारखी करा, त्यात उकडलेलं अंडं कुस्करा. ताटलीत नाही, खोल वाटीत, तीन बोटं तरी थर पाहिजे. चोच आत बुडली की आपोआप तोंडात येतं. दोन-दोन तासांनी ताजं द्या, उन्हात आंबतं. रात्री गळ्याखालची पिशवी हाताला भरलेली लागली पाहिजे, सकाळी रिकामी. स्वयंपाकाच्या काट्यावर रोज वजन करा.

सी-२०२: अंडं? म्हणजे आपलंच... 😳

बी-३०१ काकू: आमच्या मंगळवेढ्यात आजी आजारी कोंबडीला हेच द्यायची, काही होत नाही. आणि तिनं अंडी दिली तर औषध चालू आहे तोवर खाऊ नका. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

(पुढच्या महिन्यात)

ए-१०४ वहिनी: वजन भरून आलंय. वाटी अशी चाटूनपुसून ठेवते की मामी धुवायला आळस करतात 😄 पण पिसांत उवा दिसतायत. खालची चोच वरच्यापुढं आलीय.

बी-३०१ काकू: वरच्या टोकाच्या हुकानंच त्या उवा काढतात. तो नाही तर वाढणारच. राख आणि कोरडी माती टोपलीत ठेवा, लोळू दे तिला. खालची चोच घासली जात नाही म्हणून वाढते. नखं घासायच्या कानशीनं थोडी थोडी घासा, रक्ताच्या भागापर्यंत जाऊ नका. पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच बघून घ्या.

चेअरमन: पार्किंगमधल्या डालग्याबद्दल दोन तक्रारी आल्यात. कोंबडी राहू द्या, पण रोज झाडून घ्यायचं. आणि गेटच्या रुळाजवळ जाळी मी या आठवड्यात बसवून घेतो, खर्च कॉर्पसमधून.

डी-१०१: जाळी बसवताना गेटचा आवाजही बंद करा, रात्री झोप येत नाही.