१२३४५६७८९८७६५४३२१ : हा योगायोग नाही

वर एकांनी विचारलंय की १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, हा निव्वळ योगायोग का. अजिबात नाही. चौकटीच्या वहीत गुणाकार मांडून बघा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा: पहिल्या घरात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन, मधोमध नऊ, आणि तिथून पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून आकार टिकतो. दहा एक घेतलेत की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं.

अवयव पाडले की आणखी मजा येते. १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, आणि यातल्या शेवटच्या दोघांचा गुणाकार १२३४५६७९, म्हणजे आठ गायब! वर्गाचे एकूण विभाजक ४५, अंकांची बेरीज ८१.

पडताळा मात्र स्प्रेडशीटमध्ये घेऊ नका. ती पंधरा अंकांपुढे शून्यं भरते, आणि ही संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या स्थानांच्या नावांच्या (एकं, दहं, शतं...) क्रमाने पहिला १ 'मध्य' या स्थानी येतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटलं. कल्पना सुचली ते डेम्लो स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. रोज तिथून लोकल पकडणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.