शब्दचर्चा : निर्वासित, शरणार्थी, परका

प्रश्न : बायबलमधल्या मत्तय या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायावरचं एक प्रवचन मराठीत आणते आहे. 'रेफ्युजी'साठी सुरुवातीला निर्वासित लिहिलं, पुढे नकळत शरणार्थी येऊ लागलं. दोन्ही एकच का? आणि 'हॉस्पिटॅलिटी'ला पाहुणचार चालेल?

प्रतिसाद : एकच नव्हेत. निर्वासित म्हणजे राहत्या जागेवरून घालवून दिलेला. त्याच्यावर काय गुदरलं ते या शब्दात आहे. शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा, तो तुमच्या दाराशी आल्यावरचा. 1951 च्या निर्वासितांविषयीच्या जिनिव्हा कराराबद्दल लिहिताना निर्वासित ठेवा. देशातल्या देशात हलावं लागलं असेल तर विस्थापित.

'शरण जाणे' म्हणजे हार पत्करणे, म्हणून काहींना शरणार्थी लाचार वाटतो. मला वाटत नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात शरण म्हणजे घर आणि रक्षणकर्ता. मराठी बायबलमध्ये गणना 35 मधली सहा नगरं 'शरणपुरे' आहेत. हातून चुकून मनुष्यवध झालेल्याने सूड टाळण्यासाठी तिथे धाव घ्यायची, आणि ही सोय इस्राएल लोकांइतकीच त्यांच्यात राहणाऱ्या परदेशीयांनाही होती. प्रवचनात मी शरणार्थीच वापरेन.

प्रतिसाद : पाहुणचार नको. पाहुणा बहुधा सोयरा किंवा बोलावलेला असतो, आणि लूक 14 मध्ये येशू नेमकं तेच टाळायला सांगतो : मित्र, नातलग, श्रीमंत शेजारी यांना जेवायला बोलावू नका, ते परत बोलावून फेड करतील. इब्री 13:2 मधला ग्रीक शब्द फिलोक्सेनिया, म्हणजे परक्यावरचं प्रेम. मराठी बायबलने त्याला 'अतिथिप्रेम' म्हटलंय, तेच घ्या. त्यातलाच झेनोस, म्हणजे 'परका', मत्तय 25:35 मध्येही आहे. तो परका ख्रिस्त स्वतः आहे, म्हणून तिथे शब्द मऊ करू नये.

अशा अतिथिप्रेमाचं एक उदाहरण : दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ल शाँबों-सुर-लिन्यों या प्रोटेस्टंट गावाने ज्यूंना घराघरांत लपवलं. पास्टर आंद्रे त्रोक्मे यांच्याकडे अधिकाऱ्यांनी ज्यूंची नावं मागितली, तेव्हा आम्हाला ज्यू म्हणजे काय ठाऊक नाही, फक्त माणसं ठाऊक आहेत, असं त्यांनी सांगितलं.

प्रश्न : आणि 'कम्पॅशन'? दया लिहिलंय.

प्रतिसाद : दया वरून खाली येते, देणारा उंचावर राहतो. लूक 10 मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाला जखमी वाटसरूचा 'कळवळा' येतो. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे, आणि आपल्याकडेही दुसऱ्याचं दुःख पाहून आतडं पिळवटतंच. तो तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो, वर परतीच्या वाटेवर उरलेला खर्चही फेडीन म्हणतो. नाम हवं तिथे करुणा लिहा. वाक्यात मात्र 'कळवळा येणे' हेच क्रियापद ठेवा, 'दया दाखवणे' नको.