मदत हवी आहे: विषयाचं क्रेडिट बदललं आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ट्रान्सक्रिप्टही बदलल्या

नमस्कार मंडळी,

मी एका विद्यापीठाच्या संगणक विभागात प्रोग्रामर आहे. विद्यार्थ्यांची नोंदणी, गुण, निकाल आणि ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांची अधिकृत गुणपत्रिका) सांभाळणारी वेब प्रणाली मी आणि माझी सहकारी, अशा आम्ही दोघी तीन वर्षांपासून बांधतोय. डेटाबेस पोस्टग्रेस, बाकी पायथन आणि जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क). प्रवेशापासून निकाल लागेपर्यंतचं काम सुरळीत चालतं. अडचण आली आहे ती जुन्या नोंदींची, आणि चूक आमच्या मूळ रचनेतच आहे असं आता दिसतंय. थोडं लांबलचक लिहिते, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

झालं असं, की गेल्या आठवड्यात एक माजी विद्यार्थिनी खिडकीवर आली. तिला ट्रान्सक्रिप्टची आणखी एक प्रत हवी होती. पहिली प्रत तिने दीड वर्षापूर्वी आमच्याच प्रणालीतून घेतली होती. नवी प्रत हातात पडल्यावर तिने तिथेच दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पहिल्या सत्राच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे वेगळं का आहे?" जुन्या कागदावर एसजीपीए (त्या सत्राची क्रेडिटनुसार काढलेली सरासरी) ८.३३, नव्यावर ८.२९. श्रेणी त्याच, विषय तेच, सही-शिक्काही तोच. जुनी प्रत तिने दुसऱ्या एका विद्यापीठाला अर्जासोबत पाठवली होती. तिथल्या माणसाने उद्या दोन्ही प्रती समोर ठेवल्या, तर खोटेपणाचा संशय तिच्यावर येणार, आमच्यावर नाही. हे लक्षात आल्यापासून मला चैन नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. त्या सत्रात तिचे पाच विषय होते. क्रेडिट (विषयाचं वजन) ४, ४, ४, ३, ३ आणि ग्रेड पॉइंट (श्रेणीचा आकडा) अनुक्रमे ९, ८, ७, ८, १०. गुणाकारांची बेरीज १५०, क्रेडिट १८, म्हणून ८.३३. मध्यंतरी अभ्यासमंडळाने पहिल्या विषयाचं क्रेडिट ४ वरून ३ केलं. परीक्षा विभागातल्या कर्मचाऱ्याने आम्हीच दिलेल्या स्क्रीनवर जाऊन तो आकडा बदलला. त्याचं काहीच चुकलं नाही. पण आमच्या 'विषय' टेबलात एका विषयाची एकच ओळ, क्रेडिटचा रकाना त्याच ओळीत, आणि ट्रान्सक्रिप्ट छापताना आम्ही दर वेळी तिथूनच क्रेडिट घेऊन नव्याने हिशेब करतो. त्यामुळे आता बेरीज १४१, क्रेडिट १७ आणि उत्तर ८.२९. बदल पुढच्या तुकडीसाठी होता, लागू झाला सगळ्यांना.

आधी वाटलं, सोपं आहे, निकालाच्या ओळीतच त्या वेळचं क्रेडिट लिहून ठेवू. एका संध्याकाळी तसं करूनही पाहिलं. मग आठवलं, विषयाचं नावही बदलतं. गुणांवरून श्रेणी ठरवायचे टप्पेही एकदा बदलले आहेत. विद्यार्थी कायदेशीररीत्या नाव बदलून घेतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुनर्मूल्यांकनात गुण बदलले, की आम्ही सरळ अपडेट मारतो. ५४ चे ६१ झाले, तर आधी ५४ होते हे आज आमच्या डेटाबेसमध्ये कुठेही नाही. एकेक रकाना कॉपी करत बसलं तर उद्या तिसरीच गोष्ट बदलेल आणि आम्ही पुन्हा इथेच येऊ.

तर मला विचारायचंय ते हे. ज्यांनी अशी प्रणाली चालवली आहे ते इतिहास कसा ठेवतात? 'त्या दिवशी काय खरं होतं' आणि 'आज काय खरं आहे' ही दोन्ही उत्तरं एकाच डेटाबेसमधून कशी काढायची? आणि एकदा सही करून दिलेल्या कागदाची प्रत मागितली, तर हिशेब पुन्हा करायचा की करायचाच नाही? डेटाबेस शिकताना 'एक माहिती एकाच जागी ठेवा' हे डोक्यात पक्कं बसलंय. कॉपी ठेवणं म्हणजे नियम मोडणं, असं सारखं वाटत राहतं.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण गाठ तिथेच आहे. नियम मोडू नका, तो नीट लावा. रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडायची पद्धत) एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं आणि नॉर्मलायझेशनचा (पुनरावृत्ती टाळून टेबलं आखण्याचा) विचार त्यातूनच पुढे आला. त्याचा गाभा असा, की प्रत्येक माहिती तिच्या खऱ्या किल्लीला, म्हणजे ती ओळ नेमकी ओळखणाऱ्या रकान्यांना, बांधलेली असावी. तुमचं क्रेडिट एकट्या विषयाच्या कोडवर अवलंबून आहे का? नाही. ते विषय आणि अभ्यासक्रमाची आवृत्ती या दोघांवर अवलंबून आहे. एकाच विषयाचं ४ आणि ३ असं दोनदा लिहिणं ही पुनरावृत्ती नव्हे, ती दोन वेगळी सत्यं आहेत. तुमच्या टेबलात किल्लीचा अर्धा भागच नव्हता.

म्हणून 'विषय' टेबलात फक्त ओळख ठेवा, म्हणजे कधीच न बदलणारा अंतर्गत क्रमांक. 'विषय-आवृत्ती' टेबलात नाव, क्रेडिट, कमाल गुण आणि कधीपासून कधीपर्यंत लागू ते. विद्यार्थ्याची नोंदणी विषयाला नको, आवृत्तीला जोडा. श्रेणीच्या टप्प्यांनाही हाच न्याय. पोस्टग्रेसमध्ये तारखांची रेंज आणि एक्सक्लुजन कन्स्ट्रेंट (एकमेकींशी भिडणाऱ्या ओळी नाकारणारा नियम) वापरलं, तर एकाच विषयाच्या दोन आवृत्त्यांचे काळ एकमेकांवर चढूच शकत नाहीत. डेटाबेस स्वतः अडवतो. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागेल. मात्र जुन्या-नव्या अभ्यासक्रमाच्या तुकड्या तुमच्याकडे एकाच वेळी शिकत असतील, तर अभ्यासक्रमाचा क्रमांकही त्या कन्स्ट्रेंटमध्ये घ्या, नाहीतर योग्य नोंदीही अडतील.

गुणांच्या टेबलात मात्र अपडेट आणि डिलीट बंदच करा. दुरुस्ती म्हणजे नवी ओळ. प्रत्येक ओळीला दोन तारखा द्या: निकाल कोणत्या तारखेपासून मानायचा ती एक, आणि आपण नोंद कधी केली ती दुसरी. 'त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं' याचं उत्तर दुसरीतून मिळतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या २०११ च्या मानकातही या दोन काळांचा वेगवेगळा विचार आहे. आणि बंदी नुसती कोडमध्ये नको, डेटाबेसच्या हक्कांमध्ये हवी. ॲप ज्या रोलने (डेटाबेसमधल्या खात्याने) जोडलं जातं तो टेबलाचा मालक असता कामा नये, कारण मालक काढून घेतलेला हक्क स्वतःला परत देऊ शकतो. मायग्रेशनसाठी (टेबलांची रचना बदलण्यासाठी) वेगळा रोल, रोजच्या कामासाठी वेगळा.

दिलेल्या कागदाचा प्रश्न याहून वेगळा आहे. ट्रान्सक्रिप्ट ही क्वेरी नाही, तो दस्तऐवज आहे. तो तयार झाला की पीडीएफ जशीच्या तशी जपा, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) ठेवा आणि ज्या आकड्यांवरून ती बनली तेही सोबत गोठवा. दुसरी प्रत मागितली तर तीच फाइल द्या. हॅश पीडीएफच्या बाइट्सवरच काढा, जेसॉनबी या पोस्टग्रेसमधल्या डेटा प्रकाराच्या रकान्यावर नको. जेसॉनबी मोकळ्या जागा आणि आतल्या नोंदींच्या नावांचा क्रम जपत नाही, त्यामुळे हॅश जुळणार नाही आणि उगाच घाबरायला होईल. हॅशने फाइल बदलली नाही एवढंच कळतं. ती तुम्हीच दिली हे सिद्ध करायला डिजिटल सही लागते.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. ट्रान्सक्रिप्ट खरी आहे का हे बाहेरच्यांना तपासता येईल असं पडताळणीचं पान करणार असाल तर दुव्यात अनुक्रमांक टाकू नका. १०४१ च्या जागी १०४२ टाइप केलं आणि दुसऱ्याचा निकाल उघडला, असं होता कामा नये. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (परवानगी नसलेली माहिती उघडता येणं) पहिल्या क्रमांकावर आहे, ते अशाच चुकांमुळे. लांब, यादृच्छिक टोकन (अंदाज बांधता न येणारा कोड) वापरा.

धागाकर्ती

खूप आभार. 'किल्लीचा अर्धा भागच नव्हता' हे वाचलं आणि लख्ख उजेड पडला. पण मग गोठवलेल्या कागदातच चूक निघाली तर? आणि आधीच छापल्या गेलेल्या चुकीच्या प्रती कोणाकोणाकडे गेल्या हे कसं शोधू? त्यांच्या पीडीएफ आम्ही ठेवलेल्या नाहीत.

प्रतिसाद २

मी प्रोग्रामर नाही, परीक्षा विभागात अनेक वर्षं काढली आहेत. संगणक यायच्या आधी आमच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि ज्या आदेशाने बदल केला त्याचा क्रमांक. वरच्या प्रतिसादातली 'नवी ओळ' म्हणजे हीच रेघ. तेव्हा दुरुस्तीच्या स्क्रीनवर कारणाचा रकाना सक्तीचा ठेवा, पण मोकळा चौकोन देऊ नका. लोक त्यात टिंब टाकून पुढे जातात, मी पाहिलंय. पुनर्मूल्यांकन, नोंदवताना झालेली चूक, उशिरा आलेले अंतर्गत गुण अशी ठरावीक कारणं द्या आणि सोबत आदेशाचा क्रमांक मागा. गुण भरणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस नसावा, हे प्रणालीनेच बघायला हवं.

दिलेल्या कागदात चूक निघाली तर तो कागद पुसायचा नाही. त्याच्या नोंदीवर 'रद्द' असं लिहायचं, नवा कागद नव्या क्रमांकाने द्यायचा आणि त्यावर 'अमुक क्रमांकाच्या ऐवजी' असं छापायचं. पडताळणी करणाऱ्याला जुना क्रमांक टाकला तरी उत्तर मिळालं पाहिजे. 'सापडत नाही' असं आलं, की तो विद्यार्थ्यालाच खोटा ठरवतो.

अजून एक कळकळीची विनंती. गैरहजर, शून्य गुण, निकाल राखून ठेवला आणि गुण अजून आलेच नाहीत या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एका प्रणालीत या चारही ठिकाणी शून्य दिसायचं. गुण यायचे बाकी असलेली मुलं नापास दिसली आणि त्यांच्या घरी काय झालं असेल याचा विचार आजही येतो. स्थितीचा रकाना गुणांपासून वेगळा ठेवा.

प्रतिसाद ३

हिशेब पुन्हा बांधताय तर राउंडिंगकडेही (आकडा ठरावीक दशांशांपर्यंत आणण्याकडेही) बघा, कारण क्रेडिट दुरुस्त झाल्यावर पुढचा फरक तिथून येईल. पायथनचा राउंड बरोबर मध्यावरचा आकडा सम अंकाकडे नेतो, पोस्टग्रेसचा न्यूमेरिक हा आकड्यांचा प्रकार तो शून्यापासून दूर नेतो. ३२५ ग्रेड पॉइंट आणि ४० क्रेडिट घेऊन बघा, ८.१२५ येतात. पायथनमध्ये दोन दशांशांना ८.१२, पोस्टग्रेसमध्ये ८.१३. म्हणजे वेब पानावर एक आकडा आणि थेट एसक्यूएलमधून काढलेल्या अहवालात दुसरा. फ्लोट (बायनरीत साठवलेला अपूर्णांक) असेल तर आणखी गोंधळ: पायथनमध्ये २.६७५ चे २.६७ होतात, कारण तो आकडा बायनरीत नेमका मावतच नाही. डेसिमल (दशांशांत नेमका आकडा ठेवणारा प्रकार) वापरा, राउंडिंगची पद्धत उघड लिहा आणि हिशेब एकाच फंक्शनमध्ये ठेवा.

सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) काढताना सत्रांच्या एसजीपीएची सरासरी घेत नाही ना? तुमच्याच उदाहरणात पहिलं सत्र १८ क्रेडिट, १५० पॉइंट. दुसरं सत्र समजा २२ क्रेडिट, १६५ पॉइंट, म्हणजे ७.५०. दोन एसजीपीएंची सरासरी ७.९२ येते. एकूण ३१५ पॉइंटना ४० क्रेडिटने भागलं तर ७.८८. मूळ पॉइंट आणि क्रेडिट पूर्णांकात जपा, भागाकार आणि राउंडिंग एकदाच, अगदी शेवटी. कोणती पद्धत ते विद्यापीठाच्या नियमात लिहिलेलं असतंच. नसेल तर आधी लिहून घ्या, तुम्ही कोडमध्ये ठरवू नका.

प्रतिसाद १

चुकीच्या प्रती शोधायचं सांगायचं राहिलं. तुमच्याकडे रोजचे बॅकअप असणारच. क्रेडिट बदललं त्याच्या आदल्या दिवसाचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उतरवा, चालू डेटाबेसला हात लावू नका. दोन्हीकडे सगळ्यांचा हिशेब करून फरक काढा. मग त्या दिवसानंतर ट्रान्सक्रिप्ट दिल्याच्या पावत्यांशी ती यादी जुळवा.

धागाकर्ती

आज दिवसभर हेच केलं. बॅकअप उतरवला, तुलना केली. हिशेब बदललेले विद्यार्थी बरेच निघाले, पण त्यानंतर प्रत घेऊन गेलेले एकोणीस. ती खिडकीवरची मुलगी त्यातलीच. सीजीपीएचं विचारलंत ते बरं झालं. आमच्या कोडमध्ये एका अहवालात खरोखरच एसजीपीएंची सरासरी घेतली जात होती. ट्रान्सक्रिप्टवर ती नव्हती, नशीब. पण तो अहवाल गुणवत्ता यादीसाठी जातो, म्हणून तो आजच बंद केला.

आवृत्त्यांचं टेबल कागदावर मांडून झालंय. जुन्या नोंदणी कोणत्या आवृत्तीला जोडायच्या हे आम्ही दोघी ठरवणार नाही. अभ्यासमंडळाचे जुने ठराव परीक्षा विभागाकडून मागवले आहेत. एक्सेलमधून आलेल्या सुरुवातीच्या वर्षांत तर काही विषयांचे कोड एक्सेलने आपोआप तारखांमध्ये बदलले आहेत, त्या ओळी हाताने तपासाव्या लागतील.

एकोणीस जणांसाठी 'अमुक क्रमांकाच्या ऐवजी' असं छापलेली नवी प्रत आणि सोबत परीक्षा विभागाचं पत्र तयार होतंय. चूक विद्यापीठाच्या प्रणालीची होती, विद्यार्थ्याची नाही, हे पत्रात स्पष्ट लिहा असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. त्या मुलीने ज्या विद्यापीठात अर्ज केलाय तिथे तेच पत्र थेट आमच्याकडून जाईल. उद्या सकाळी आधी तिला फोन करते.