मदत हवी आहे: वर्ग लहान करायचे, पण पैसा नेमका कुठे जाणार?

सरकारी शाळांतली वर्गामागची पटसंख्या कमी करण्यावर टिपण लिहितेय, पण निधीवाटपाशी येऊन अडकलेय. लहान वर्गाचा फायदा होतो याला पुरावा आहे, जरी तो किती यावर वाद असला तरी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ मध्ये १३ ते १७ मुलांचे वर्ग २२ ते २५ मुलांच्या वर्गांशी ताडून पाहिले, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांना जास्त लाभ दिसला.

पण १९९६ पासून कॅलिफोर्नियाने खालच्या इयत्तांचे वर्ग २० वर आणायला सगळ्यांना डोईमागे सारखंच अनुदान दिलं. अचानक हजारो शिक्षक लागले. अनुभवी शिक्षक सुस्थितीतल्या शाळांकडे सरकले, गरीब वस्त्यांच्या वाट्याला अप्रशिक्षित जास्त आले. खोल्या नव्हत्या तिथे वाचनालयात वर्ग! (सारखं वाटप म्हणजे न्याय, असं मलाही आधी वाटायचं.)

शाळांच्या अंदाजपत्रकाचं काम कुणी केलंय का? गरजेनुसार जास्त निधी देणारं सूत्र कसं मांडतात? खोल्यांचा खर्च वेगळा धरावा का? आणि गरीब मुलांच्या शाळेत पट आधीच कमी असेल, तर तिचा पैसा दुसरीकडे वळू नये म्हणून काय अट घालावी? शेवटच्या प्रश्नावर मी पार अडलेय.