बी.एस्सी. फायनलच्या पोरांनी अभ्यासिकेत बसावं की कृषी केंद्रात?

सोयाबीनवाला :
मी यवतमाळ जिल्ह्यातला, बी.एस्सी. शेवटचं वर्ष, रसायन-वनस्पती-प्राणी. वर्गातली निम्मी पोरं स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तालुक्याच्या अभ्यासिकेत पडून असतात. महिना सहाशे, प्लायवूडचा कप्पा, खुर्चीला घरून आणलेली उशी, समोर महाराष्ट्राचा नकाशा. मीही दीड वर्ष बसलो. मागच्या जूनपासून मात्र दुपारी कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं-खतं-कीटकनाशकांच्या दुकानात, कामाला जातो, महिना चार हजार मिळतात. माझं म्हणणं एवढंच, की पदवी हाती येईपर्यंत अभ्यासिका सोडा आणि कुठंतरी काम शिका.

पहिल्याच आठवड्यात एक काका खिशातून बाटलीचं झाकण काढून म्हणाले, "हेच दे." झाकणावर नाव नाही, काही नाही. मालकानं शांतपणे विचारलं, पीक कोणतं, पानावर काय दिसते, मागची फवारणी कधी. मग दिलं. दोन वर्षं केमिस्ट्री शिकून कीटकनाशकाच्या डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या रंगाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. लाल सगळ्यात जहाल, हे मालकानं शिकवलं. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा मी शाळेत होतो.

आणि कॉलेजची इंटर्नशिप? पत्र टाइप करा, ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणा, झालं.

तलाठी होणारच :
काऊन भाऊ, चार हजारात तुह्यं पेट्रोल तरी निंघते काय? दुकानात आज नोकर, दहा वर्षानं बी नोकरच. 2023 च्या तलाठी भरतीत जागा 4644 अन् अर्ज दहा लाखांवर. लोक म्हणतात पोट्टे येडे झाले. येडे नाही ना बापा! सोयाबीनचा भाव पाहून शायने झाले. माह्या बापाजवळ तीन एकर कोरडवाहू आहे. एक नोकरी लागली तं घर सुधरते, नाई लागली तं तीन एकर कुठी पळून चालले काय?

सोयाबीनवाला :
त्याच भरतीत फॉर्मची फी खुल्या गटाला 1000, राखीवला 900 होती. वर्षाला असे चार फॉर्म भर, वर परीक्षेला दूरच्या शहरात जाणं, तिथला मुक्काम. तो पैसा कुठून येतो? त्याच तीन एकरातून. भरती देऊ नका असं मी म्हणत नाही. पण चोविसाव्या वर्षी बायोडेटात 'स्पर्धा परीक्षेची तयारी' सोडून एक ओळ नसेल, तर दुकानदारही ठेवत नाही.

अर्धं तिकीट :
दोघंही पोरांचंच बोलून राहिले. मी बी.ए. फायनल, वाशीम जिल्हा. अभ्यासिकेत नोकरीसाठी बसते हे अर्धंच खरं. "पोरगी परीक्षेची तयारी करते" म्हटलं की पाहुणे दोन वर्षं लांबतात. "पोरगी दुकानात कामाला जाते" म्हटलं की त्याच दिवाळीला येतात. आमच्या अभ्यासिकेत मुलींची रांग खिडकीकडची, आणि तिथल्या निम्म्या जणींनी एकही फॉर्म भरलेला नाही. तो सहाशे रुपयांचा कप्पा बंद करायचा म्हणता, मग आम्ही घराबाहेर कोणत्या नावानं निघायचं?

तलाठी होणारच :
ताई बरोबर बोलली.

जुना परवाना :
मी 22 वर्षं कृषी केंद्र चालवतो, धागेवाल्याच्या बाजूचा आहे असं समजू नका. पूर्वी कोणीही दुकान टाकत होता. आता कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला कृषीची पदवी किंवा पदविका, नाहीतर रसायन, वनस्पती, प्राणीशास्त्र वगैरे घेतलेली बी.एस्सी. लागते. आम्हा जुन्या लोकांनाही अभ्यासक्रम करावा लागला. म्हणून निकाल लागला की एखादा गोड बोलून घरी येईल, "मार्कशीट दे, दुकान मी पाहतो, वर्षाचे एवढे घे." सोयाबीनवाल्या, तुझ्याकडे तर येईलच. देऊ नको. माल बनावट निघाला की नोटीस परवान्यावरच्या नावानं येते, आणि पैसे घेणारा फोन उचलत नाही. एका पोराचं झालं आहे, माझ्या डोळ्यांदेखत. काम शिकायचं तर शिक, पण डिग्री भाड्यानं देणं म्हणजे काम नव्हे.

सोयाबीनवाला :
काका, खोटं कशाला बोलू, दिवाळीत एक जण येऊन गेला. मी 'पाहू' म्हणालो होतो. आता नाही.
@अर्धं तिकीट : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'अभ्यासिका सोडा' हे पोरांपुरतं समजा.

तलाठी होणारच :
म्हंजे अर्धा धागा वापस घेतला भाऊनं.

अर्धं तिकीट :
मला पोरांपुरतं-बिरतं काही नको. काका, तुमच्या केंद्रात मुलगी ठेवता का? हिशेब, स्टॉक, बिलिंग येते. मस्करी नाही.

जुना परवाना :
ठेवतो ना. घरी माझ्या बायकोला बोलायला लावतो, 'शिकायला येते' म्हणून सांगू. पण सीझनमध्ये दुकान सातला बंद होते. तुमच्या गावाची शेवटची एसटी कितीची?

अर्धं तिकीट :
सव्वासहाची.