‘ब्लेड रनर २०४९’ : देखणा, पण कोरडा?

काजवा :
डेनी विल्नव यांचा ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळचे मत अधिकच पक्के झाले. रॉजर डीकिन्स यांना चौदाव्या नामांकनावर पहिले ऑस्कर याच चित्रपटाने मिळवून दिले, तेव्हा छायालेखनाबद्दल वाद नाही. नारिंगी धुळीत बुडालेले लास व्हेगस आणि कृत्रिम मानव बनवणाऱ्या उद्योगपती वॉलेसच्या दालनात भिंतींवर हलणारे पाण्याचे कवडसे पाहताना नजर हलत नाही. मात्र १६३ मिनिटांत मला एकाही पात्राची काळजी वाटली नाही. १९८२ च्या मूळ चित्रपटात पावसात भिजत मरणारा कृत्रिम मानव रॉय बॅटी चार वाक्यांत जे देऊन जातो, ते इथे पावणेतीन तासांत हाती लागत नाही. माणसे सावकाश चालतात, सावकाश बोलतात आणि जणू नेपथ्याची शोभा वाढवण्यासाठीच उभी राहतात.

ओसरी :
मला हे पटत नाही. नायक के हा स्वतः कृत्रिम मानव असून फरार कृत्रिम मानवांना संपवणारा पोलीस आहे आणि कामगिरीवरून परतल्यावर त्याला पांढऱ्या खोलीत बसून ठरावीक शब्द ठरावीक स्वरात उच्चारावे लागतात. आवाजात भावना उमटली तर त्याचा जीव जाऊ शकतो. तो निर्विकार चेहरा म्हणजे त्याचे चिलखत आहे. म्हणूनच, केची बालपणीची आठवण खरोखर घडलेली आहे असे स्टेलिन (कृत्रिम मानवांसाठी आठवणी रचणारी स्मृतिकार) सांगते तेव्हा तो जे ओरडतो, ते अंगावर येते, आणि पुढच्या चाचणीत तो नापास होतो.

पिंपळपान :
मी दोघांच्या मध्ये आहे. केची घरची सोबतीण जॉई (विकत मिळणारी, प्रकाशाने बनलेली प्रतिमा) नष्ट झाल्यावर रस्त्यावरच्या जाहिरातीतील गुलाबी, इमारतीएवढी जॉई त्याला ‘जो’ म्हणून हाक मारते; घरच्या जॉईने प्रेमाने ठेवलेले नाव विकाऊ मालाच्या तोंडी ऐकताना त्याचे काय झाले असेल, हे सांगायला संवाद लागत नाही. दोष असेल तर तो वॉलेसच्या प्रवचनांत आहे. नुकत्याच घडवलेल्या कृत्रिम स्त्रीला तो सहज मारतो, त्यातून क्रौर्यापलीकडे काहीही कळत नाही. (तेवढी कात्री लावली असती, तर तक्रार निम्मी झाली असती.)

काजवा :
गुलाबी जॉईचे दृश्य मान्य. पण कोरडेपणाचे कारण समजले म्हणून त्याला ओलावा म्हणता येत नाही. चाचणीचा मुद्दा बुद्धीला पटतो. मला मात्र केसाठी हळहळायचे होते, त्याचे विश्लेषण करायचे नव्हते.

ओसरी :
मग हात पाहा. सुरुवातीला गच्चीवर जॉई पावसात हात पुढे करते आणि थेंब अंगावर पडल्याचा भास अनुभवते. लास व्हेगसच्या ओसाडीत के मधमाश्यांमध्ये हात घालतो आणि हातावर चढलेल्या माश्यांकडे बघत राहतो. शेवटी पायऱ्यांवर रक्तबंबाळ अवस्थेत तो हात बर्फाखाली धरतो. कृत्रिम स्त्रीच्या पोटी जन्मलेले ते ‘खास’ मूल आपण नाही, हे कळूनही त्याने मूळ चित्रपटाचा नायक डेकार्ड याला त्याच्या मुलीच्या दारापर्यंत आणून पोहोचवलेले असते.

काजवा :
हातांचे माझ्या लक्षात आले नव्हते, तेवढ्यासाठी तिसऱ्यांदा पाहीन. तरीही हे हात आपल्याला शोधून दाखवावे लागले. बॅटीचा पाऊस मला कोणी दाखवावा लागला नव्हता.