मदत हवी आहे: प्लिकर्स (छापील कार्डांवरून मुलांची उत्तरं टिपणारं चाचणी-अ‍ॅप) वर्गात खरंच चालतं का?

नमस्कार मंडळी, शिक्षक-प्रशिक्षण चालू आहे. पुढच्या आठवड्यात अपूर्णांकांवर सराव पाठ घ्यायचाय. समजावण्यासाठी फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायची गणित-विज्ञानाची चित्रं (भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेला प्रकल्प) ठरलीत; आधी डाउनलोड केली की इंटरनेट नसलं तरी चालतात.

घोडं अडलंय चाचणीपाशी. कहूट या प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपला साधारणपणे मुलांच्या हाती फोन किंवा टॅब लागतात. प्लिकर्समध्ये मुलं छापील कार्ड उत्तरानुसार फिरवून धरतात आणि स्कॅन फक्त मी माझ्या फोनने करायचं. ऐकायला झकास! पण मागच्या बाकावरची कार्डं टिपली जातात का? लॅमिनेशनची चमक नडते का? मुलांची नावं मात्र मी टाकणार नाही, फक्त हजेरी क्रमांक.

प्रत्यक्ष वापरलेल्यांनीच सांगा, जाहिराती वाचून झाल्यात.